माइक कट व्हायलाय की ओ! वायरलेस माइकचा अडथळा कमी कसा करायचा

हुतात्मा स्मृती मंदिर असो, रंगभवन असो की होम मैदानावरचा मांडव, प्रसंग एकच. निवेदक "नमस्कार सोलापूर" म्हणतो आणि त्यातलं "सोला" पोचतं, "पूर" हवेत जातं. मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "माइक कट व्हायलाय की ओ!" मग साउंडवाला धावत येतो, सेल बदलतो, अँटेना वाकडी करतो, माइकच्या डोक्यावर दोन टिचक्या मारतो आणि शेवटी निदान सांगतो: "बाहेरची फ्रिक्वेन्सी येतीय."

कधीकधी येतेही. पण दहापैकी सात-आठ वेळा भांडण घरातलंच असतं. आपलेच माइक एकमेकांना त्रास देत असतात, रिसीव्हर (माइकचा सिग्नल पकडणारा डबा) चुकीच्या जागी असतो किंवा अँटेना लोखंडाला टेकलेली असते. या धंद्यात नव्याने येणाऱ्याने बाहेरच्याला शिव्या देण्याआधी आपलं रॅक तपासावं, म्हणून हा क्रम दिला आहे. क्रम बदलू नका. आधी फ्रिक्वेन्सी शोधून मग रिसीव्हर हलवला, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी आवाज ओळखा

प्रत्येक खरखर रेडिओची नसते. सतत "घूंऽऽ" येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा हम आहे. जनरेटर आणि महावितरणची लाइन अशा दोन ठिकाणांहून वीज घेतली असेल किंवा अर्थिंग नसेल, तर तो वायरमधून येतो. खात्री करायची तर रिसीव्हर मिक्सरपासून सोडवा. तरी हम राहिला, तर त्याचा माइकशी काही संबंध नाही, पुढचं वाचून उपयोग नाही, आधी अर्थिंग बघा.

"टिडिक-टिडिक-टिडिक" असा ठेका आला की मिक्सरवर ठेवलेला कुणाचा तरी मोबाइल उचला. तो आवाज वायरमध्ये किंवा मिक्सरमध्ये घुसलेला असतो, माइकच्या रेडिओ लहरीत नाही.

रेडिओच्या तक्रारी वेगळ्या ऐकू येतात. माइक एका जागी नीट चालतो आणि दोन पावलं टाकली की तुटतो, तर सिग्नल कमी पडतोय किंवा परावर्तन होतंय. बोलताना मागे फसफस आणि शिट्टीसारखं काही ऐकू येत असेल, तर एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आहेत. तुमच्या स्पीकरमधून शेजारच्या कार्यालयातली मंगलाष्टकं ऐकू आली, तर काही ओळखायचं उरतच नाही. साध्या एफएम माइकमध्ये दोन सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की ताकदवान सिग्नल दुसऱ्याला पूर्ण दाबतो. तुमचा निवेदक स्टेजच्या मागे गेला की शेजारचे गुरुजी जिंकतात. डिजिटल माइक मात्र खरखरत नाही. तो सरळ गप्प होतो किंवा टकटक करतो. म्हणून डिजिटल सेटवाल्याला त्रासाची आगाऊ सूचना कानाने मिळत नाही, मीटरच बघत राहावं लागतं.

आपला सेट कोणत्या पट्ट्यात आहे

सेटच्या मागच्या स्टिकरवर किंवा डिस्प्लेवर आकडा असतो. त्यावरून तीन घरं पडतात.

पहिलं घर ४७० ते ७०० मेगाहर्ट्झचं, यूएचएफचं. कार्यक्रमासाठी सर्वात विश्वासाचं. दुसरं ७०० च्या वरचं. इथे सावध राहा. २०२२ च्या लिलावानंतर ७०० चा पट्टा मोबाइलवाल्यांच्या वापरात आला. त्यात ७०३ ते ७४८ या भागात हँडसेट बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर बोलतात. पुढे ८२४ ते ८४९ मध्ये पुन्हा हँडसेट, ८६९ ते ८९४ मध्ये टॉवर. आता हिशोब बघा. हँडमाइकची ताकद १० ते ५० मिलिवॅट, मोबाइलची २०० मिलिवॅटपर्यंत. पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्याच्या खिशातला फोन तुमच्या माइकच्या किमान चौपट ताकदीने बोलू शकतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या दोन माइकच्या जोड्यांपैकी बऱ्याच ७०० च्या वरच्या असतात. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की छान चालतात, हॉल भरला की रडतात, त्याचं कारण हेच.

तिसरं घर २.४ गिगाहर्ट्झचं. वाय-फाय, ब्लूटूथ, सगळ्यांचा सामाइक चौक. पाच-पन्नास लोकांच्या बैठकीत ठीक. पाचशे फोन असलेल्या लग्नात हे सेट वापरायचेच असतील, तर रिसीव्हर बोलणाऱ्यापासून ५ ते ८ मीटरच्या आत आणि नजरेसमोर ठेवा. डिजिटल मिक्सरचा राउटर असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि रिसीव्हरपासून लांब ठेवा.

नवीन सेट घेताना एक लक्षात असू द्या. कोणत्या पट्ट्याला परवाना लागतो, कोणत्याला नाही, हे केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ठरवते. विक्रेत्याकडून मान्यतेचा कागद मागा. आणि एकाच दुकानातून न बदलणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या दोन सारख्या जोड्या कधीच उचलू नका. चारही माइकमध्ये फ्रिक्वेन्सी दोनच निघतात.

पायरी १: माइक कमी करा

ही पायरी कुणाला आवडत नाही, कारण मोफत आहे. भाषणाच्या टेबलावर वायरचा माइक चालतो. तबल्याला, हार्मोनियमला, कोरसला वायर चालते. कीर्तनकाराला आणि लावणीच्या कलाकाराला वायरलेस हवा, सत्काराच्या पोडियमला नको.

हे केवळ काटकसरीचं बोलणं नाही. दोन किंवा तीन माइकचे सिग्नल एकत्र आले की त्यांच्यातून नको असलेले नवे सिग्नल जन्माला येतात. त्यांना इंटरमॉड्युलेशन म्हणतात, बोलीत "इंटरमॉड". सर्वात त्रासदायक प्रकार मोजला तर ३ माइकमधून असे ९ भुताटकीचे सिग्नल तयार होतात, ६ माइकमधून ९० आणि ८ माइकमधून २२४. म्हणजे आठातून दोन माइक वायरवर नेले, तर भुतं निम्म्याहून कमी होतात. इतका फायदा दुसरा कुठलाही उपाय फुकटात देत नाही.

पायरी २: रिसीव्हर स्टेजजवळ न्या

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. मिक्सर हॉलच्या मागे असतो, म्हणून रिसीव्हरही मिक्सरवर ठेवतात. समजा माइकपासून मिक्सर ४० मीटरवर आहे आणि स्टेजच्या विंगेत जागा ५ मीटरवर आहे. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. ५ चे १०, १० चे २०, २० चे ४०, तीन वेळा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलचं नुकसान. शिवाय मध्ये माणसं, आणि माणूस म्हणजे बहुतांश पाणी. याउलट माइकची ताकद १० वरून ५० मिलिवॅट केली तर फायदा होतो जेमतेम ७ डेसिबलचा, आणि त्यासोबत इंटरमॉड वाढतो तो वेगळाच.

म्हणून रिसीव्हर विंगेत ठेवा आणि तिथून मिक्सरपर्यंत आवाज बॅलन्स्ड एक्सएलआर वायरने (बाहेरचा हम अडवणारी तीन पिनांची माइक वायर) किंवा स्नेकने (अशा अनेक वायरींचा एकत्र जुडगा) न्या. ४० मीटर बॅलन्स्ड वायरने आवाजाचं काही बिघडत नाही. रेडिओ लहरींना लांबचा प्रवास करायला लावू नका, वायरला लावा.

अगदी चिकटूनही ठेवू नका. माइक आणि अँटेना यांच्यात किमान ३ मीटर अंतर हवं. त्याहून जवळ आलं की रिसीव्हरचं तोंड भरून जातं आणि तोच इंटरमॉड तयार करायला लागतो.

रिसीव्हरची शेजारीण कोण, हेही बघा. एलईडी वॉलच्या मागे शेकडो छोटे पॉवर सप्लाय आणि डेटा वायरी असतात. त्यांचा रेडिओ कचरा सगळ्या पट्टीभर पसरतो. अँटेना एलईडी वॉलपासून निदान ३ मीटर लांब हवी, जमलं तर जास्त. वॉलच्या मागे सावलीत "जागा चांगली हाय" म्हणून रॅक लावणं ही तर हमखास फसगत. एलईडी पार लाइट, लाइट कमी-जास्त करणारे डिमर, स्वस्त चार्जर, एक्स्टेन्शन बोर्डावर ओळीने लावलेले अ‍ॅडॉप्टर, हेही दूर.

मे महिन्यात ४२ अंशांत धूळ बसू नये म्हणून चालू रॅकवर चादर टाकायची सवय इथे बऱ्याच जणांना असते. सोलापुरी चादर रेडिओ लहरी अडवत नाही, पण गरम हवा नक्की अडवते. कार्यक्रम संपल्यावर झाका.

पायरी ३: अँटेना

३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ६०० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर. हा आकडा डोक्यात ठेवला की अँटेनाचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पत्र्याच्या मांडवात, लोखंडी ट्रसमध्ये लहरी आपटून परत येतात. सरळ आलेली लहर आणि आपटून आलेली लहर काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात. असे खड्डे साधारण अर्ध्या लहरीवर, म्हणजे २५ सेंटिमीटरवर पडतात. निवेदक एक पाऊल सरकला की माइक तुटतो आणि पुन्हा सरकला की येतो, त्यामागे हे आहे. म्हणूनच रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एक खड्ड्यात असली तरी दुसरी बाहेर असते. पण दोन्ही एकमेकींना चिकटवून, एकाच बाजूला दुमडून ठेवल्या तर दोन असून एकच. सेटवरच्या अँटेना इंग्रजी व्हीसारख्या, प्रत्येकी ४५ अंशांत बाहेर झुकवा. वेगळ्या काढून लावत असाल तर दोघींत किमान १२ सेंटिमीटर, जमलं तर अर्धा ते एक मीटर ठेवा.

उंची जमिनीपासून २ ते अडीच मीटर, म्हणजे उभ्या माणसांच्या डोक्यावर. माइक स्टँडच्या टोकाला अँटेना बसवायचा क्लॅम्प सहज मिळतो. अँटेनाचं धातूचं अंग ट्रसच्या पाइपाला टेकू देऊ नका. चार रिसीव्हर एकावर एक रचले की मागच्या आठ अँटेनांचं जाळं होतं, त्या एकमेकींत गुंततात. चारपेक्षा जास्त रिसीव्हर असतील तर अँटेना डिस्ट्रिब्युटर घ्या. दोन अँटेनांचा सिग्नल तो सगळ्या रिसीव्हरला वाटून देतो. साधा पॅसिव्ह स्प्लिटर दोन वाटे करताना ३ डेसिबलहून थोडं जास्त खातो. एकदाच वापरला तर चालतं, साखळी लावू नका.

अँटेनाच्या वायरीचा खर्चही मोजा. बारीक आरजी-५८ वायर ६०० मेगाहर्ट्झला १० मीटरमागे साधारण ४ डेसिबल गिळते. केबल टीव्हीवाल्याची आरजी-६ त्याहून कमी गिळते. ती ७५ ओहमची आणि रिसीव्हर ५० ओहमचा, म्हणून लोक नाक मुरडतात. खरं नुकसान नगण्य आहे. अडचण येते ती टोकाला, जुगाड करून बसवलेल्या कनेक्टरमध्ये. बीएनसी कनेक्टर नीट दाबून बसवता येत नसेल तर तयार वायर विकत घ्या. बूस्टर लावायचा तो वायरीने गिळलेलं भरून काढण्याइतकाच. १० मीटरच्या वायरीला २० डेसिबलचा बूस्टर लावला, तर सिग्नलबरोबर कचराही तेवढाच मोठा होतो.

पंख्यासारख्या चपट्या दिशादर्शी अँटेना घेतल्या तर तोंड स्टेजकडे आणि पाठ एलईडी वॉलकडे किंवा रस्त्याकडे करा. पाठीमागचं त्या कमी ऐकतात, निम्मा उपयोग तिथे आहे.

पायरी ४: फ्रिक्वेन्सी निवडा

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत गुंतागुंतीची, पण गणित पाचवीचं आहे.

आधी सगळं चालू करा: एलईडी वॉल, लाइट, राउटर, जनरेटर, वॉकीटॉकी, इन-इअर (कलाकारांच्या कानातले वायरलेस मॉनिटर). आपले माइक मात्र सगळे बंद. मग रिसीव्हरचं स्कॅन चालवा. स्कॅन नसेल तर एकेक चॅनेल फिरवून आरएफ मीटर (रिसीव्हरवरचे सिग्नलची ताकद दाखवणारे दिवे) बघा. माइक बंद असताना एक-दोन दिवे लागत असतील, तर ते घर रिकामं नाही, सोडा. दुपारी रिकाम्या मैदानात केलेलं स्कॅन संध्याकाळी उपयोगाचं नसतं. गड्ड्याच्या यात्रेत पाळणे, स्टॉल, फोन सगळं सुरू झाल्यावर चित्र बदलतं. म्हणून कार्यक्रमाच्या तासभर आधी पुन्हा बघा. काही हजारांत टायनीएसए नावाचा खिशातला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर मिळतो, २४० ते ९६० मेगाहर्ट्झ दाखवतो. महिन्यात चार कार्यक्रम करणाऱ्याला तो परवडतो.

आता मोकळ्या जागेत माइक कसे बसवायचे? नवखा माणूस समान अंतर ठेवतो: ६४०, ६४१, ६४२. दिसायला नीटनेटकं आणि नेमकं चुकीचं. पहिल्या दोन माइकमधून तयार होणारं एक भूत असं असतं: दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला. ६४१ ची दुप्पट १२८२, वजा ६४०, उरले ६४२. तिसऱ्या माइकच्या बरोबर डोक्यावर. आणि ६४१ ची दुप्पट वजा ६४२ म्हणजे ६४०. दोन्हीकडून गोची.

यातून सुटायचा नियम एका ओळीचा आहे: कुठल्याही दोन माइकमधला फरक दुसऱ्या कुठल्याही जोडीतल्या फरकाइतका नसावा. सहा माइकचा एक तयार संच बघा:

६४०.०, ६४०.५, ६४२.०, ६४५.०, ६४६.०, ६४८.५

वही घ्या आणि पंधराही जोड्यांचे फरक लिहा. ०.५, २, ५, ६, ८.५, मग १.५, ४.५, ५.५, ८, मग ३, ४, ६.५, मग १, ३.५ आणि शेवटी २.५. एकही दोनदा येत नाही. म्हणजे ते ९० सिग्नल कुठेही पडोत, या सहांपैकी एकाही माइकवर बसत नाहीत. ६४० ची जागा तुमच्याकडे भरलेली असेल तर सगळे आकडे सारख्याच अंतराने सरकवा, ५८० पासून सुरू करा, फरक तेच राहतात. सेट स्वस्त असेल तर शेजारच्या चॅनेलला तो नीट बाजूला सारू शकत नाही. त्याला अर्ध्या मेगाहर्ट्झचं अंतर पुरत नाही. तेव्हा फरक दुप्पट करा: ६४०, ६४१, ६४४, ६५०, ६५२, ६५७. जागा साडेआठऐवजी १७ मेगाहर्ट्झ लागते. चार माइक असतील तर यातले पहिले चार घ्या.

हे हाताने करायचं नसेल तर शुअर कंपनीचं वायरलेस वर्कबेंच हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपन्यांचे सेट धरूनही हिशोब करून देतं.

तुमच्या सेटवर "ग्रुप" आणि "चॅनेल" असे दोन आकडे असतील, तर कंपनीने हेच गणित आधी केलेलं आहे. अट एकच: सगळे माइक एकाच ग्रुपमध्ये, चॅनेल वेगवेगळे. एक माइक ग्रुप १ आणि दुसरा ग्रुप ३ मध्ये ठेवला की ते गणित मोडलं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या "ग्रुप १" चा एकमेकांशी काही संबंध नसतो. तिथे मेगाहर्ट्झच बघा.

माइकला फ्रिक्वेन्सी पाठवताना इन्फ्रारेड सिंक एका वेळी एकाचंच करा. दोन माइक रिसीव्हरच्या इन्फ्रारेड खिडकीसमोर धरले तर दोघंही तोच आकडा घेऊन बसतात आणि मग अर्धा तास "दोन्ही एकत्र चालू केले की बिघडतं" हे कोडं सुटत नाही.

पायरी ५: एकाला बंद करून बघा

गणित केलं तरी ही चाचणी सोडू नका. पाच मिनिटं लागतात. सगळे माइक चालू करून स्टेजवर त्यांच्या खऱ्या जागी ठेवा. टेबलावर ढीग नको, कारण सहा चालू माइक एकमेकांना चिकटले की भुतं तिथेच तयार होतात. माइक-माइकमध्ये फूटभर तरी अंतर हवं. आता पहिला माइक बंद करा आणि त्याच्या रिसीव्हरचा आरएफ मीटर बघा. शून्य असेल तर ठीक. दिवे लागले तर बाकीचे पाच मिळून त्याच्या घरात शिरलेत. त्याची फ्रिक्वेन्सी बदला. पुन्हा चालू करा, दुसरा बंद करा. सहाही होईपर्यंत. एकाची बदलली तर फेरी पहिल्यापासून.

पायरी ६: चालून बघा

एक जण माइक घेऊन स्टेजभर, पायऱ्यांवर, मधल्या वाटेने, कलाकार येणार त्या दारापर्यंत चालेल आणि सतत आकडे मोजेल: "एक, दोन, तीन..." दुसरा मीटरवर नजर ठेवेल. आकडा गळला की थांबा. ती जागा टाळता येते का बघा, नाहीतर एक अँटेना हलवा, दोन्ही एकदम नको. चालताना अँटेनाकडे पाठही करून बघा. अंगावरचा पॅक (कमरेला लावायचा ट्रान्समीटर) पाठीला असतो आणि शरीर मध्ये आलं की सिग्नल धपकन खाली येतो. मोकळ्या हाताने, समोर बघून केलेली चाचणी ही नुसती समजूत आहे.

अंगावरचा पॅक, सेल आणि घाम

लावणीच्या कलाकाराला पॅक लावताना कंबरपट्टा बघा. धातूचा पट्टा अँटेनाच्या वायरीवर आला की सिग्नल अर्धा तिथेच संपतो. पॅक कंबरपट्ट्याच्या वर, कापडी पाउचमध्ये, अँटेना खाली सरळ लोंबती आणि कातडीपासून एका कापडाच्या घडीइतकी दूर. नीट दिसावं म्हणून अँटेना गुंडाळून चिकटपट्टी लावणं, हँडमाइकचं खालचं टोक मुठीत धरणं, दोन्ही सारखंच घातक. बहुतेक हँडमाइकची अँटेना खालच्या टोकातच असते. गायकांना हे सांगायला लाजू नका. डोकं झाकलं तर शिट्टी येते, शेपूट झाकलं तर सिग्नल जातो.

उन्हाळ्यात घामाने पॅक आत ओला होतो. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, तोंड खाली ठेवा, म्हणजे घाम आत साचत नाही.

सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले. सकाळचे अर्धे वापरलेले सेल संध्याकाळी घालणं म्हणजे सत्काराच्या मध्यावर अडकणं. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा. सेटच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर निवडा, नाहीतर बॅटरीचा मीटर खोटं बोलतो. नव्या-जुन्यांची जोडी लावू नका.

ताकद, गेन, स्क्वेल्च

सहा माइक जवळजवळ असतील तर ताकद १० मिलिवॅटवर ठेवा. इथे जोर लावून काम होत नाही. माइकचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) असा लावा की मोठ्यात मोठ्या आवाजाला पीकचा दिवा क्वचित लुकलुकेल. गेन कमी ठेवून मिक्सरवर आवाज ओढला, तर रेडिओची फसफसही ओढली जाते आणि तिला लोक "इंटरफेरन्स" म्हणतात. स्क्वेल्च म्हणजे कमी सिग्नलला दार बंद करणारा राखणदार. कंपनीने दिलेल्या जागेवरच राहू द्या. फार वाढवला तर कचरा आत येत नाही, पण माइकचा पल्लाही घटतो.

कार्यक्रम चालू असताना

माइक मध्येच बंद करायचा नाही. बंद केला की रिसीव्हर रिकामा होतो आणि आजूबाजूचं जे मिळेल ते स्पीकरमधून ओकतो. माइकवर म्यूट असेल तर म्यूट, नाहीतर मिक्सरवर फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली. बंद करावाच लागला तर आधी फेडर, मग माइक.

स्टेजच्या बाजूला १५ मीटरच्या वायरीसह एक साधा माइक कायम जोडून ठेवा, मिक्सरवर त्याचा चॅनेल तयार. वायरलेस बिघडला तर दहा सेकंदांत तो निवेदकाच्या हातात जायला हवा. कार्यक्रम चालू असताना फ्रिक्वेन्सी बदलायचा मोह टाळा. बदलायचीच असेल तर स्कॅनच्या वेळी दोन राखीव रिकामे आकडे लिहून ठेवलेले असावेत, तेही फरकांच्या गणितात बसवलेले.

मिरवणुकीचं वेगळं

गणपती असो की जयंती, मिरवणुकीत तुम्ही हलताय आणि तुमचे शेजारीही हलताय. सकाळचं स्कॅन शंभर मीटरवर शिळं होतं. इथे सर्वात उपयोगी साधन म्हणजे तोंड. पुढच्या आणि मागच्या मंडळाच्या साउंडवाल्याला आदल्या दिवशी विचारा, "तुमचे आकडे काय?" कागदावर लिहून घ्या आणि आपले किमान १ मेगाहर्ट्झ लांब ठेवा. त्यांच्याकडे न बदलणारे सेट असतील तर तुम्ही सरका, ते सरकू शकत नाहीत. ट्रॉलीवर रिसीव्हर जनरेटरच्या विरुद्ध टोकाला, अँटेना लोखंडी कठड्याच्या वर. बोलणारा माणूस ट्रॉलीपासून २० मीटरच्या आत राहील एवढं त्याला बजावा. मिरवणुकीला दोन माइक पुरतात. तिसरा मागणारा कार्यकर्ता नेहमी असतोच.

वही

कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळायच्या आधी, एक ओळ लिहा. हॉल, तारीख, वेळ, कुठले आकडे वापरले, कुठला वाईट निघाला, अँटेना कुठे होत्या. नोंद अशी असावी: "जुळे सोलापूर, कार्यालय, संध्या. ७. ६४० पासूनचा संच. ६४२ वर वॉल सुरू झाल्यावर दोन दिवे, ६४२ काढला. रिसीव्हर डाव्या विंगेत, अँटेना सव्वादोन मीटर. दाराजवळच्या खांबामागे कट." पुढच्या वेळी त्याच हॉलला जाताना ही ओळ आधी वाचा, तरी स्कॅन नव्याने करा आणि खांबाजवळ मुद्दाम उभं राहून आकडे मोजा.